वर्णरेषा सरकते, पण किती? हगिन्स-मॅक्सवेल पत्रव्यवहार

डॉप्लर परिणाम म्हटलं की आपल्याला रुग्णवाहिकेचा भोंगा आठवतो. प्रकाशाचं काय? खुद्द डॉप्लरला 1842 मध्ये वाटलं होतं की ताऱ्यांचे रंगच वेगामुळे बदलत असावेत.

लंडनमध्ये घरच्या वेधशाळेतून ताऱ्यांचे वर्णपट पाहणाऱ्या विल्यम हगिन्स यांचा याविषयी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याशी पत्रव्यवहार झाला. मॅक्सवेल यांचं पत्र 10 जून 1867 चं. त्यांचा भर रंगावर नाही, रेषेवर: ताऱ्यातली रेषा पृथ्वीवरच्या त्याच मूलद्रव्याच्या रेषेशी ताडून पाहा.

आता वही काढा. पृथ्वीचा कक्षेतला वेग सेकंदाला 30 किमी, प्रकाशाचा 3 लाख किमी. गुणोत्तर 1/10,000. सोडियमची रेषा 589 नॅनोमीटरची, म्हणजे ती सरकणार जेमतेम 0.06 नॅनोमीटर. सोडियमच्या दोन जुळ्या रेषांतलं अंतर 0.6. त्याचा दहावा भाग! एवढंसं डोळ्याने ओळखायचं.

हगिन्स यांनी ते करून पाहिलं. व्याधाच्या ताऱ्यातली हायड्रोजनची रेषा नळीतल्या हायड्रोजनशी ताडली आणि 1868 च्या आपल्या निबंधात मॅक्सवेल यांचं पत्रही छापलं. (हा मोठेपणा मला फार आवडतो.) उत्तर आलं: तारा सेकंदाला 29.4 मैल वेगाने दूर जातोय.

आजचं मोजमाप? सुमारे 5.5 किमी, आणि तोही जवळ येतोय! म्हणजे दिशासुद्धा चुकली. पद्धत मात्र बरोबर होती. कमी पडला तो डोळा. 1888 पासून पोट्सडॅमला फोगेल यांनी वर्णपटांचे फोटो काढून मोजायला सुरुवात केली, तेव्हा कुठे भरवशाचे आकडे मिळू लागले.