‘धा’ची कड

२०२३ साली आपल्या जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पाटीवरचा हातभर ‘धा’ आणि या अंकातला तिळाएवढा ‘धा’ संगणकाच्या लेखी एकच असू शकतो. तो कसा? शिशाच्या खिळ्यांच्या काळी प्रत्येक आकाराचा खिळा वेगळा ओतावा लागे. संगणक अक्षराच्या कडेवरचे मोजके बिंदू व त्यांना जोडणाऱ्या वक्रांचे गणित साठवतो. आकार बदलला की कड नव्याने आखतो. हेच व्हेक्टर आरेखन. कवी-सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ टंक असाच आहे. (वळण मात्र गणिताला सुचत नाही!) फोटो म्हणजे नुसते ठिपके; ताणले की पायऱ्या दिसतात. गतवर्षी मुखपृष्ठावर बोधचिन्ह धूसर उमटले, कारण आम्हीच छापखान्यात मोबाईलवरचा फोटो दिला होता. यंदा ते रेषांनी पुन्हा काढले. त्यात तीन रात्री गेल्या.