सुट्टी आठवड्याची, खोळंबा दोन महिन्यांचा

दप्तराच्या धंद्यात वर्ष जूनपासून मागे मोजायचं असतं. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, दुकानदार एप्रिल-मेमध्ये माल भरतो, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये शिलाई जोरात चालली पाहिजे. कापड, अस्तर, निवार पट्टी आपल्याकडे मिळते. पण चेनचे रनर, बकल, ट्रॉलीचे दांडे, चाकं यांतलं बरंचसं चीनमधून येतं, आणि ऐन त्याच दिवसांत चीन बंद असतो. माझ्यासारखं छोटं युनिट चालवणाऱ्या आणि पहिल्यांदाच बाहेरून माल मागवणाऱ्या माणसाने हे आधी समजून घ्यावं म्हणून लिहितो आहे.

चिनी नववर्ष दर वर्षी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान, अमावास्येच्या आसपास येतं. त्यांचं पंचांगही आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतं, म्हणून तारीख पुढे-मागे सरकते. २०२५ मध्ये ती २९ जानेवारी होती, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी आहे. सरकारी सुट्टी २०२५ मध्ये आठ दिवसांची होती, २०२६ मध्ये नऊ दिवसांची. नवा माणूस हा आकडा पाहतो आणि निर्धास्त होतो: आठ-नऊ दिवस काय, निघून जातील.

खरी सुट्टी त्या आकड्यात नसते. ग्वांगजौच्या ह्वादू भागातलं शिलिंग हे बॅगांचं आणि चामड्याच्या मालाचं मोठं केंद्र. तिथल्या नि आसपासच्या कारखान्यांत काम करणारी असंख्य माणसं हूनान, सिच्वान, ग्वेजौ, हनान अशा लांबच्या प्रांतांतली. अनेकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढतात आणि आईबापांची भेट वर्षातून एकदा, याच सणाला होते. सरकार या प्रवासाचा हंगामच चाळीस दिवसांचा धरतं. २०२६ मध्ये तो २ फेब्रुवारी ते १३ मार्च असा होता. तिकीट मिळालं की माणूस निघतो. मालकाची सुट्टी लागायची असते, पण यंत्रावरचा माणूस तोवर गेलेला असतो. त्यात मला काहीही गैर वाटत नाही. वर्षभर लेकराचं तोंड न पाहिलेल्या आईला आपल्या रनरसाठी कोणी थांबवू नये.

आता हा प्रवास आपल्या ऑर्डरपर्यंत कसा पोचतो ते पाहा. एक रनर एका छताखाली पूर्ण होत नाही. ओतकाम एकीकडे, पॉलिश दुसरीकडे, प्लेटिंग तिसरीकडे, खोकी चौथीकडून, आणि बंदरापर्यंत ट्रक पाचव्याचा. आपली ओळख फक्त या साखळीच्या शेवटच्या माणसाशी, म्हणजे माल विकणाऱ्याशी असते. तो सांगतो, आमचं ऑफिस अमुक तारखेपर्यंत चालू आहे. खरं सांगतो. पण प्लेटिंगवाल्याने त्याच्या दोन आठवडे आधीच शटर ओढलेलं असतं.

एका वर्षी आमची ऑर्डर डिसेंबरात गेली. पुरवठादार जुना, व्यवहाराला चोख. सणाआधी माल निघेल असं त्याने लेखी कळवलं होतं. जानेवारीच्या मध्याला ओतकाम होऊन रनर तयार होते, पण नेहमीच्या प्लेटिंगवाल्याने नवं काम घेणं बंद केलं होतं. शब्द पाळायच्या घाईत पुरवठादाराने माल दुसरीकडे प्लेट करून घेतला आणि जहाजावर चढवला. फोटोत गनमेटलचा रंग हुबेहूब नमुन्यासारखा दिसत होता. आमच्याकडे खोकी उघडली तेव्हाही बरा दिसला. शिलाई झाली, दप्तरं दुकानांत गेली, आणि मुंबईचा दमट मे लागल्यावर रनर काळे-हिरवे पडायला लागले. काही ठिकाणी पापुद्रा सुटून मुलांच्या हाताला टोचत होता. ती दप्तरं परत घ्यावी लागली. उसवून रनर बदलण्याची मजुरी रनरच्या किमतीच्या कितीतरी पट होते. पैशाचं दुःख वेगळं, पण शाळेच्या पहिल्या दिवशी नवं दप्तर घेऊन निघालेल्या पोराचं बोट कापणं मला अजून सहन होत नाही.

त्या वर्षापासून मी पुरवठादाराला एकच प्रश्न वेगळा विचारतो. माल कधी निघेल हे नंतर. आधी प्लेटिंगवाला कधी बंद करणार, खोकीवाला कधी, आणि ट्रक कधीपर्यंत मिळतील? चांगला पुरवठादार रागावत नाही, उलट नीट चौकशी करून सांगतो. आणि करारात एक ओळ असते: ठरलेल्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे काम करून घ्यायचं झालं तर आधी कळवायचं आणि नवा नमुना मंजूर करून घ्यायचा. शेवटच्या पंधरवड्यात तयार होणारा माल घेण्यापेक्षा उशिरा आलेला माल मला परवडतो.

मात्र सणानंतर लगेच तयार होणारा मालही तितकाच जपून घ्यावा. कारखाना उघडला म्हणजे काम सुरू झालं असं नाही. बरेच कामगार पंधराव्या दिवशीचा कंदिलांचा सण करूनच परततात. २०२६ मध्ये तो ३ मार्चला, आपल्या होळी पौर्णिमेच्याच सुमाराला होता. शिवाय कित्येक जण परततच नाहीत. नोकरी बदलायची ती याच वेळी. त्यांच्या जागी नवखी माणसं येतात, त्यांचा हात बसायला वेळ लागतो. म्हणून उघडल्यानंतरच्या पहिल्या लॉटसाठी तपासणीवर खर्च करावा, आणि तीस टक्के आगाऊ दिल्यावर उरलेले सत्तर टक्के पैसे तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय सोडू नयेत. सणाआधी मालकाला कामगारांचे पगार, बोनस, उधाऱ्या भागवायच्या असतात, त्यामुळे पैशासाठी फोनावर फोन येतात. त्याची अडचण खरी असते. तीस टक्के आगाऊ रक्कम वेळेवर, चार दिवस आधीच पाठवली तर तो आपला माणूस होतो. उरलेल्या रकमेबाबत मात्र ठाम राहावं.

कागदांचं प्रकरण याहून नाजूक आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दक्षिण चीनमधून न्हावा शेव्याला जहाज साधारण दोन ते तीन आठवड्यांत येतं. सणाच्या आदल्या गर्दीत माल चढला तर तो समुद्रात असताना तिकडची ऑफिसं बंद असतात. बिल ऑफ लेडिंगमध्ये खोक्यांचा आकडा चुकला, किंवा टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सोडण्याचा निरोप, द्यायचं राहून गेलं, तर दुरुस्तीला माणूस नाही. कंटेनर बंदरात उभा, डेमरेज म्हणजे उशिराचा आकार चालू, आणि आपण नुसते मेसेज पाठवत बसतो. कस्टम्सचा नियमही आता कडक आहे: जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरलं पाहिजे. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यापुढे रोज १०,००० रुपयांपर्यंत दंड लागतो. त्यामुळे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा जहाज सुटण्यापूर्वी आपल्या क्लिअरिंग एजंटकडून वाचून घ्यावा, आणि रिलीजचा निरोप तिकडचं ऑफिस बंद होण्याआधी आला पाहिजे. सणानंतर माल कमी असतो, तेव्हा जहाज कंपन्या काही फेऱ्या रद्दही करतात. म्हणजे मार्चचा माल एप्रिलवर गेला तर नवल नाही.

चीनची दुसरी मोठी सुट्टी १ ऑक्टोबरपासूनची, त्यांच्या राष्ट्रीय दिनाची. ती साधारण आठवड्याची असते आणि तेव्हा कामगार बहुतेक परत येतात, म्हणून तिचा जाच कमी. व्हिएतनामचा नववर्षाचा सण तेत बहुधा चिनी नववर्षाबरोबरच येतो, तेव्हा चीन बंद म्हणून व्हिएतनामकडे वळण्यात अर्थ नाही. शिलाई यंत्राचे भाग इटलीहून येत असतील तर ऑगस्ट सोडून द्यावा, जपानहून येत असतील तर एप्रिलअखेर आणि ऑगस्टचा मध्य.

आणि आपल्याकडची सुट्टी विसरू नये. धारावी-भिवंडीतले बॅगांचे पुष्कळ कारागीर बिहार-उत्तर प्रदेशातले. होळीला काही जातात, ईदला बरेच जातात. २०२६ मध्ये चीन पूर्ण उघडला तोच होळी, मग पाडवा, मग ईद असा सगळा मार्च गेला. माल बंदरात उतरूनही शिवायला हात नसतील तर काय उपयोग? रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. कारागिरांशी बोलून त्यांच्या जाण्यायेण्याच्या तारखा मी आता चीनच्या तारखांशेजारीच लिहितो.

२०२७ च्या हंगामासाठी माझा हिशेब असा आहे. ६ फेब्रुवारीला सण, म्हणजे माल जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जहाजावर. प्लेटिंग डिसेंबरअखेर पूर्ण. कामाला दीड महिना धरला तर नोव्हेंबरच्या मध्याला सुरुवात. नमुना मंजूर व्हायला हवा दिवाळीआधी, आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे; आपल्या कारागिरांचा बोनस आणि पुरवठादाराची आगाऊ रक्कम एकाच आठवड्यात द्यावी लागणार, त्याची तजवीज सप्टेंबरपासून. चौकशी आणि भाव ठरवणं १ ऑक्टोबरच्या सुट्टीआधी. रोज खपणारे काळे रनर आणि साधी बकलं यांचा एक जादा लॉट याच खेपेत मागवणार आहे. ही वस्तू जुनी होत नाही, गोदामाचं भाडं तेवढं पडतं. रंगीत आणि छापील फिटिंगचा मात्र जादा साठा करणार नाही, कारण मुलांची आवड दर वर्षी बदलते.