पाण्याच्या गॅसवर गाडी : एक हिशेब



डिझेल महागलं की ‘पाण्यापासून गॅस करणारा डबा गाडीला बसवा, ॲव्हरेज वाढवा’ ही जाहिरात हमखास निघते. हल्ली तर हा डबा घरी कसा बनवायचा तेही मोबाईलवर दाखवतात. पैसे घालण्याआधी आपण त्याचा नीट अभ्यास करू.

डब्यात स्टीलच्या पट्ट्या आणि कॉस्टिक घातलेलं पाणी असतं. बॅटरीची वीज सोडली की ऋण पट्टीवर हायड्रोजन आणि धन पट्टीवर प्राणवायू सुटतो. दोन भाग हायड्रोजन, एक भाग प्राणवायू. निकोल्सन आणि कार्लाईल यांनी इंग्लंडात १८०० साली हे करून दाखवलं. तेव्हा गॅस निघतो हे खरं, तो इंजिनात जळतो हेही खरं. खोट आहे ती हिशेबात.

समजा, डब्यात एकापुढे एक जोडलेले सहा कप्पे आहेत आणि तो १२ व्होल्टवर २० अँपिअर वीज घेतो. तासाभरात सुमारे साडेचार ग्रॅम हायड्रोजन मिळेल. त्याची उष्णता साधारण १५ मिलिलिटर डिझेलइतकी. आता खर्च बघा. ही २४० वॅट वीज अल्टरनेटर देतो, पण त्यात जवळपास निम्मी ताकद वाया जाते. अल्टरनेटर फिरवतं इंजिन, आणि इंजिन डिझेलच्या उष्णतेतला जेमतेम तीस टक्के भाग कामाला लावतं. म्हणजे तासाला सुमारे १४५ मिलिलिटर डिझेल जाळून १५ मिलिलिटरचा माल हाती येतो! विहिरीचं पाणी उपसायचं, त्याच पाण्यावर चाक फिरवायचं आणि त्या चाकावर मोटार चालवायची, असाच हा प्रकार.

‘थोड्या गॅसनं डिझेल चांगलं जळतं’ असंही विक्रेते सांगतात. तासाला निघणारा हायड्रोजन पन्नासेक लिटर. अडीच लिटरचं इंजिन १८०० फेऱ्यांवर तासाला लाखावर लिटर हवा ओढतं. त्यात तो कुठं पुरणार?

धोका मात्र पुरेपूर आहे. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो. इथं तर प्राणवायू आधीच मिसळलेला. इंजिनातली ठिणगी नळीतून मागं आली तर डबा फुटतो. कॉस्टिक डोळ्यांत उडालं तर दृष्टी जाऊ शकते. कॉस्टिकऐवजी मीठ घातलं तर विषारी क्लोरीन सुटतो. म्हणून मुलांनाही हा प्रयोग घरी करू देऊ नका.

अमेरिकेत ओहायो राज्यात स्टॅनली मेयर यांनी पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा दावा केला होता. १९९६ साली तिथल्या न्यायालयानं ती फसवणूक ठरवली आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

हायड्रोजन वाईट नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. पण तिथं वीज सूर्य-वाऱ्याची, बाहेरून आणलेली. गाडीच्याच डिझेलची नव्हे.

कुणी डबा घेऊन आलाच तर त्याला एवढंच सांगा : टाकी काठोकाठ भरू, तोच रस्ता, तेवढंच ओझं, एकदा डबा बंद आणि एकदा चालू ठेवून डिझेल मोजू. बचत दिसली तरच पैसे. तोवर एअर फिल्टर साफ ठेवा, टायरची हवा तपासा, नोझल वेळेवर दाखवा. डिझेल वाचतं ते इथं.