विणाऱ्या शेळीच्या आहारात तेल घालावे का?

अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या वस्त्यांत दारापुढे बांधलेल्या शेळ्यांना चरायला रान नाही. विकतचा पाला, भाजीबाजारातील उरलेसुरले आणि शिळा पाव यांवर त्यांचे भागते. गाभण शेळीला तेल पाजले तर ताकद येते, असाही अनेकांचा समज आहे.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. शेवटच्या दीड महिन्यात करडे झपाट्याने वाढतात, कोठीपोटाला जागा कमी पडते व शेळी कमी खाते. ही तूट अंगावरची चरबी वितळून भरून निघते. त्यामुळे रक्तात स्निग्धाम्ले फार वाढली, की पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणूनच व्याल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कासदाहाचा धोका अधिक असतो.

स्निग्ध पदार्थांत पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोनपट ऊर्जा असते. परंतु मोकळे तेल कोठीपोटात चाऱ्यावर थर धरते आणि तंतू पचविणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते. वडापावच्या गाडीवरचे काळे पडलेले तेल तर मुळीच देऊ नये. नळीने किंवा बाटलीने तेल पाजताना ते फुफ्फुसात गेल्यास शेळी दगावते.

इटलीत मासळीच्या तेलातील ओमेगा-३ आम्लांवर शेळ्यांमध्ये अभ्यास झाला. प्रयोगशाळेत या आम्लांमुळे रक्तातील भक्षक पेशींची जंतू गिळण्याची क्षमता वाढलेली आढळली. पण साध्या तेलातील ओमेगा-३ चे रूप कोठीपोटातच बदलते, त्यामुळे पळीभर तेलाने तो गुण येत नाही.

द्यायचेच असेल तर कॅल्शियमशी बांधलेले 'बायपास फॅट' घ्यावे. ते कोठीपोटात न फुटता आतड्यात पचते. ४० किलोच्या दुभत्या शेळीस व्याल्यानंतर रोज १५ ते २० ग्रॅम, खुराकात मिसळून, ५ ग्रॅमपासून सुरुवात करून द्यावे. आहाराच्या शुष्क भागात एकूण स्निग्धांश ५ टक्क्यांच्या आसपासच असावा. व्यायच्या आधी मात्र भरडा व चांगला पाला वाढवणेच श्रेयस्कर.

गाभण शेळीने खाणे सोडले, ती सुस्त झाली, तर तेल उपयोगी नाही. तिला ग्लुकोज हवे असते आणि ते चरबीपासून फारसे बनत नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे.

करडांना नाळेतून प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा.