मुकादमाचे पहिले कर्तव्य

कॉलेजच्या आवारातील नळ, दिवे, गटारे ठीक असली की देखभाल करणाऱ्यांची आपणांस आठवण होत नाही. सेप्टिक टँक तुंबला म्हणजे मात्र “लवकर माणूस उतरवा” असा तगादा आपणच लावतो. आतील हायड्रोजन सल्फाइड वायूला प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. एकाला काढावयास दुसरा उतरतो, तोही दगावतो. म्हणून २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणूस आत उतरविण्यास मनाई केली आहे. “यंत्र येईपर्यंत कोणी उतरणार नाही,” असे वरिष्ठांस सांगणारा मुकादम, आमच्या मते, तोच खरा पुढारी. त्याच्या पाठीशी आपण उभे राहू काय?