झडपेची बैठक आणि पाण्याचें काम

गेल्या फेब्रुवारी महिन्यांतील गोष्ट. उष्णतेच्या वहनावरील धडा आटोपून आम्ही फळा पुसणार, तोंच मागील बाकावरील एक विद्यार्थी उठला आणि त्यानें तेलकट फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु आमच्या मेजावर ठेविली. एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला तबकडीसारखें डोकें, असा तिचा आकार होता. तबकडीची कड एका बाजूस, उंदरानें भाकरी कुरतडावी, तशी खाल्लेली होती. “सर, ही आमच्या बोटीच्या इंजिनाची झडप. चोहोंकडे पाणी असतां ही जळली कशी?” एवढेंच त्यानें विचारिलें.

मुलगा उत्तनचा. दोन दिवसांपूर्वीं त्याच्या वडिलांची बोट भर समुद्रांत बंद पडली होती. सहा माणसें रात्रभर नांगर टाकून बसलीं, आणि सकाळीं दुसऱ्या एका बोटीनें दोर बांधून त्यांना किनाऱ्यास आणिलें. वारा पडलेला होता म्हणून निभावलें. आम्ही पंधरा वर्षें उष्णतेचा धडा शिकवीत आलों आहों; परंतु त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आमच्याजवळ नव्हतें, हें येथें मोकळेपणानें सांगतों. त्याच सायंकाळीं आम्ही त्याच्याबरोबर उत्तनच्या किनाऱ्यावर गेलों. तेथें मिस्त्रींनीं जें दाखविलें आणि मागाहून पुस्तकांवरून जें आम्हीं पडताळून पाहिलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें क्रमानें मांडीत आहों.

अंतर्ज्वलन इंजिन म्हणजे ज्याच्या पोटांतच इंधन जळतें असें यंत्र. वाफेच्या इंजिनांत भट्टी निराळी आणि नळकांडें निराळें असे. येथें नळकांडें हीच भट्टी. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन चालवून दाखविलें. पुढें रुडॉल्फ डिझेल यानें, हवा जोरानें दाबली असतां जी उष्णता उत्पन्न होते तिनेंच तेल पेटविणारें इंजिन १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलें. आपल्या महाराष्ट्रांत साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें तयार केलीं; आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. मोटेच्या जागीं इंजिनाचा पंप आला, तसें शिडाच्या जागीं बोटींत इंजिन आलें. आमच्या किनाऱ्यावरील आजोबांनीं शिडाच्या होड्या हांकल्या. त्यांचे नातू आज तेलावर समुद्रांत जातात.

या इंजिनाचे चार टप्पे असे: हवा आंत ओढणें, ती दाबणें, तेल पेटून दट्ट्या खालीं ढकलला जाणें, आणि जळलेला वायु बाहेर फेंकणें. हवा आंत येण्यास एक झडप आणि वायु बाहेर जाण्यास दुसरी. या दोन झडपा म्हणजे नळकांड्याच्या डोक्यावरील दोन दारें होत. इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास ७५० वेळां उघडते व मिटते. बोट दहा तास चालली, तर ही संख्या साडेचार लक्षांवर जाते. आपल्या घराचें दार जन्मभरांतही इतक्या वेळां लागत नसेल.

आतां उष्णतेचा हिशेब पाहूं. तेलांतील एकंदर उष्णतेपैकीं स्थूलमानानें एक तृतीयांश भाग उपयोगी काम करितो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला तिसरा भाग इंजिनाच्या अंगांत शिरतो. हा तिसरा भाग कोणी तरी बाहेर नेलाच पाहिजे. नाहीं तर लोखंड नरम पडेल आणि तेलाचा कोळसा होईल. तें काम पाणी करितें. नळकांड्याच्या व डोक्याच्या भिंती पोकळ ठेवून त्यांतून पाणी खेळवितात. मिस्त्रीलोक त्यास पाण्याचें जाकीट म्हणतात.

परंतु झडप स्वतः पाण्यांत नसते. आंत येणाऱ्या हवेची झडप भाग्यवान; दर फेऱ्यास तिच्यावरून ताजी हवा जाते. बाहेरच्या झडपेच्या वाट्यास मात्र जळता वायुच येतो. कामाच्या भरांत तिचें डोकें सुमारें सातशें अंश शतमानापर्यंत तापतें, म्हणजे अंधारांत पाहिलें तर तें लाल दिसेल. एवढी उष्णता ती कोठें टाकते? थोडी दांडीच्या वाटेनें जाते. पण सुमारें तीन चतुर्थांश उष्णता झडप मिटली असतां तिच्या कडेंतून बैठकींत उतरते, बैठकींतून डोक्याच्या लोखंडांत आणि तेथून पाण्यांत जाते. बैठक म्हणजे झडप जिच्यावर टेकते ती तिरकस कापलेली गोल कड. मिटलेली झडप बैठकीवर विसावते तो अवकाश आमच्या वरील उदाहरणांत सेकंदाचा सुमारें विसावा भाग एवढाच. तेवढ्या विश्रांतींत तिला थंड व्हावयाचें असतें.

म्हणून टेंकणें अगदीं पुरतें असावें लागतें. चुलीवरून उतरलेलें पातेलें ओल्या फरशीवर ठेविलें, तर सपाट बुडाचें लौकर निवतें आणि पोचा आलेल्या बुडाचें उशिरां निवतें. कारण पोच्याखालीं हवा राहते, आणि हवा उष्णतेची मोठी कृपण वाहक आहे. झडपेचें तसेंच. कडेस कोठें केसाएवढी फट राहिली, तर तेथें दोन अनर्थ एकदम होतात. तेथून उष्णता उतरत नाहीं. आणि दाबलेला जळता वायु त्याच फटींतून सुरीच्या पात्यासारखा सुटतो. फट वाढते, वायु अधिक सुटतो, फट आणखी वाढते. आमच्या मेजावरील कुरतडलेली कड ही त्याचीच खूण होती.

बैठक डोक्याच्या लोखंडांतच कापलेली असेल, तर ती झिजल्यावर सगळें डोकें निकामी होण्याची भीति असते. म्हणून पुष्कळ इंजिनांत कठीण धातूचें एक कडें निराळें करून तेथें बसवितात; झिजलें कीं तें काढावें आणि नवें घालावें. मोटारींच्या पेट्रोलांत पूर्वीं शिशाचें एक संयुग घालीत असत, आणि त्याचा पातळ थर बैठकीस झिजेपासून राखीत असे. शिसें आरोग्यास घातक, विशेषतः मुलांच्या बुद्धीस. म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशांत सर्वत्र शिसेंविरहित पेट्रोलच विकूं लागले. तेव्हांपासून कठीण कड्यांचें महत्त्व अधिकच वाढलें.

हें कडें बसविण्याची युक्ति आपल्या खेड्यांतील लोहारास ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना तो ती आगींत तापवून फुगवितो आणि निवली कीं ती चाकास घट्ट आवळते. येथें उलट करितात. कडें अतिशय थंड करून आकसवितात, डोकें किंचित् तापवितात, आणि कडें आपल्या खांचेंत ठोकून देतात. दोहोंचें तापमान सारखें झालें कीं कडें असें जखडतें कीं खिळ्याची गरज राहत नाहीं.

परंतु प्रत्येक सोयीची किंमत असते. कडें निराळें झालें म्हणजे उष्णतेच्या मार्गांत एक नवा सांधा आला. पूर्वीं झडपेकडून बैठकीकडे एकच ओढा ओलांडावयाचा होता. आतां कडें व डोकें यांमधील दुसराही ओलांडावा लागतो. लहान इंजिनांत कडें घट्ट बसलेलें असल्यास एवढ्यानें अडत नाहीं. मोठ्या जहाजांच्या इंजिनांत मात्र अडतें. म्हणून त्यांतील पुष्कळांत कड्याच्या पाठीमागें सभोंवार एक खांच कोरून तिच्यांतून पाणी खेळवितात, आणि तें नळकांड्यांत गळूं नये म्हणून खांचेच्या वरखालीं रबरी वळीं घालितात. अशा रीतीनें पाणी बैठकीच्या पाठीसच येऊन भिडतें. जहाजांच्या जड तेलांत व्हॅनेडियम व सोडियम यांचे अंश असतात. त्यांची राख फार तापल्यास वितळते, झडपेस चिकटते आणि धातु खाते. बैठक थंड राहिली तर ही राख सहसा वितळत नाहीं. मात्र अतिरेक येथेंही वाईट. फार थंड पृष्ठभागावर धुरांतील गंधकाचें आम्ल दंवासारखें जमतें आणि तेंही धातु खातें. म्हणून पाणी किती द्यावें, याला माप आहे.

विमानांच्या इंजिनांकरितां सॅम हेरन नांवाच्या इंजिनियरानें १९२० नंतरच्या दशकांत दुसरी एक युक्ति पुढें आणिली. त्यानें झडप पोकळ करून तींत सोडियम भरलें. हा धातु सुमारें ९८ अंशांवर वितळतो. मग झडप वरखालीं हालतांना तो आंत हिंदकळतो आणि डोक्याची उष्णता दांडीकडे वाहून नेतो. जेथें पाणी पोंचत नाहीं, तेथें वितळलेल्या धातूकडून पाण्याचें काम करवून घेतलें.

आतां उत्तनच्या बोटीकडे वळूं. तिचें इंजिन जुनें, समुद्राचें पाणी सरळ ओढून घेणारें. पंप उत्तम चालत होता, आणि बाहेरच्या नळींतून पाणीही पडत होतें. मिस्त्रींनीं डोकें उतरवून उलटें केलें आणि दोन झडपांमधील पाण्याच्या वाटेंत एक तार घातली. ती बोटभर जाऊन अडली. आंत पांढरट, दगडासारखा थर बसलेला होता.

मुलगा म्हणाला, “मीठ!” पण तें मीठ नव्हतें. भाईंदरची मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हें सहज समजेल. खाडीचें पाणी खाचरांत आटूं लागलें म्हणजे प्रथम चुना खालीं बसतो, मग जिप्सम, आणि पाणी फार आटल्यावर शेवटीं मीठ. इंजिनांत पाणी आटत नाहीं. पण तें तापतें, आणि तापलेल्या भिंतीवर हीच चुन्याची जात थर धरिते. हा थर ओतीव लोखंडाच्या मानानें सुमारें वीस पट वाईट वाहक आहे. जेथें भिंत सर्वांत तप्त, तेथेंच थर अधिक. म्हणजे बाहेरच्या झडपेच्या बैठकीमागें, जेथें पाण्याची सर्वांत अधिक गरज, नेमका तेथेंच त्याचा मार्ग बंद. बैठकीचें कडें एका अंगानें तापून वांकडें झालें, झडप एकाच बाजूस टेंकूं लागली, आणि पुढील कथा आपण वर वाचलीच आहे.

“चोहोंकडे पाणी असतां झडप जळली कशी?” या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें: पाणी बोटीच्या चोहोंकडे होतें, परंतु बैठकीच्या पाठीशीं नव्हतें.

मिस्त्रींनीं सौम्य आम्लानें वाटा मोकळ्या केल्या, नवें कडें बसविलें, नवी झडप घांसणीच्या लेपानें बैठकीवर घांसली आणि मग एक साधी परीक्षा केली. झडप मिटून तिच्यावर रॉकेल ओतलें आणि आम्हां सर्वांस वाट पाहावयास लाविलें. एकही थेंब खालीं उतरला नाहीं. शेवटीं त्यांनीं झडपेच्या दांडीवर पातळ पट्टीएवढी फट ठेविली. कारण तापल्यावर दांडी लांबते, आणि फट नसेल तर झडप पुरती मिटतच नाहीं.

मुलाचे वडील इतका वेळ उभ्यानें पाहत होते. ते म्हणाले, “मास्तर, इतकीं वर्षें मी पाणी पडतें कीं नाहीं, एवढेंच पाहिलें. किती गरम पडतें, तें कधीं पाहिलें नाहीं.” आम्हांस वाटतें, या लेखाचें सार या दोन वाक्यांत आलें. वाट अरुंद झाली कीं पाणी थोडें येतें आणि अधिक तापून येतें. समुद्राचें पाणी सरळ घेणाऱ्या इंजिनांतून बाहेर पडणारें पाणी सुमारें ५० अंशांच्या वर जाऊं देऊं नये, कारण त्यापुढें थर झपाट्यानें धरतो. तथापि नुसत्या उष्णतामापकावर विसंबूनही चालत नाहीं. पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी वरचेवर साफ करावी. पावसाळ्यांत बोट किनाऱ्यावर ओढली असतां पाण्याच्या वाटा उघडून पाहाव्या. बंद करण्यापूर्वीं इंजिन कांहीं मिनिटें हलकें चालूं द्यावें. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी कदापि ओतूं नये, तेणेंकरून डोक्यास चीर जाते. नवें इंजिन घेणारांनीं, इंजिनांत गोडें पाणी फिरतें आणि समुद्राचें पाणी बाहेरूनच त्यास निवविते, अशी रचना घ्यावी. तींत चुन्याचा उपद्रव पुष्कळ टळतो.

दुरुस्तींत आठ दिवस बुडाले आणि खर्चही बराच आला. त्या दिवसांत मुलगा शाळेंत आला नाहीं. तो पुनः येतो कीं नाहीं, याची आम्हांस काळजी होती. नवव्या दिवशीं तो आला. त्यानें शाळेचा एक उष्णतामापक उसना मागितला आणि रविवारीं वडिलांबरोबर जाऊन, बाहेर पडणाऱ्या पाण्याचें मान वहींत लिहून आणिलें. आतां त्यांच्या घरीं स्वतःचा उष्णतामापक आहे. आणि शाळेमुळें मुलगा समुद्रावर यावयाचा नाहीं, अशी जी त्या नाखव्यास शंका होती, ती पुष्कळ कमी झाली आहे.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, घरांतील, शेतांतील वा बोटींतील एखादी मोडकी वस्तु मूल हातांत घेऊन बसलें असेल, तर ती लगेच भंगारांत टाकूं नये. ती त्याला शाळेंत आणूं द्यावी. आमच्याजवळ उत्तर नसेल, तर आम्ही त्याच्याबरोबर मिस्त्रींकडे जाऊं. ती कुरतडलेली झडप सध्यां आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविलेली आहे. उष्णतेच्या धड्याचा आरंभ यंदापासून आम्ही तिच्यापासून करितों.