कावसजीचं नाक

भाजलेल्या आणि अपघातात चेहरा गेलेल्या माणसांच्या वॉर्डात, नाशिकमध्येच, मी नर्स म्हणून नोकरी केली. जखमेबद्दल काही तिथे शिकले, काही जुन्या चित्रांनी शिकवलं.

१. कलेला घाव घालण्याचा क्षण आवडतो. तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतो आहे, ते शिल्प आम्ही नाशिककर लहानपणापासून बघतो. बाहेरगावची मंडळी तिथे मुलांना उभं करून फोटो काढतात. आमच्याकडे संशयावरून नवऱ्याने नाक कापलेली एक बाई दाखल झाली, आणि त्यानंतर मला ते शिल्प पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

२. भरून आलेली जखमही चित्रात येऊ शकते. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान. टिपूच्या हाती सापडला, तेव्हा त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने पुण्याजवळ त्याला नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडवली, पण डोळ्यांच्या मधला देठ राखला आणि ती खाली वळवली. देठातून रक्त पोचत राहतं, म्हणून कातडी जगते. सांध्यावर भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवस हात लावायचा नाही, मग तुपात बुडवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला.

जेम्स वेल्सने काढलेलं कावसजीचं चित्र या हकिकतीबरोबर ऑक्टोबर १७९४ च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये लंडनला छापून आलं. कपाळावरचा वण त्यात झाकलेला नाही. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या सर्जनने याच पद्धतीने तिकडे नाक केलं. कार्प्यूचं नाव पुस्तकांत आहे. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव हकिकतीत कुणी लिहिलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

३. देठाला घाई चालत नाही. आजही कपाळाचीच कातडी वापरतात आणि साधारण तीन आठवड्यांनी देठ सोडवतात. ते तीन आठवडे फार वाईट. त्या बाईपासून आम्ही आरसा लांब ठेवला होता. तिने जेवणाची स्टीलची ताटली पदराने पुसली आणि तिच्यात चेहरा पाहिला. मग मला म्हणाली, “सिस्टर, श्वास घेता येतोय ना, मग राहू द्या.”

४. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. त्यांत भरलेल्या जागेचा रंग कातडीशी जुळवणं आहे, तिथे केस उगवणंही आहे. आपण टाके काढून डिस्चार्ज कार्ड हातात देतो आणि मोकळे होतो. मला सुश्रुताचं पटतं.

५. खरी अडचण घरी गेल्यावर सुरू होते. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, “काय झालं होतं?” तो विचारू नका. कुठे उतरणार, ते विचारा. आणि तुमचं दुकान असेल, कचेरी असेल, तर अशा माणसाला आतल्या खोलीत बसवू नका. गल्ल्यावर, खिडकीवर, लोकांसमोरच्या जागी काम द्या.